अक्षर चालू लागते तेव्हा

(होसकोटे येथे मराठी वाचकांच्या बैठकीत अनुवादिकेने केलेल्या भाषणाचा हा पाठ आहे. छपाईसाठी त्यात किरकोळ फेरफार केले आहेत.)



होसकोटे या आपल्या गावाच्या नावात अक्षरे किती, असा प्रश्न येथे बसलेल्या एखाद्या लहान मुलाला विचारला, तर तो बोटांवर मोजून ‘चार’ असे उत्तर देईल. हाच प्रश्न संगणकाला केला, तर तो बहुधा ‘सात’ असे सांगेल. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. मात्र या चार आणि सात यांच्यामधील अंतरात मागील वर्षी माझे एक काम अडकून पडले होते, आणि आजच्या भाषणाचा विषय त्यातूनच निघाला आहे.

ज्या पुस्तकाच्या अनुवादाच्या निमित्ताने आपण मला बोलाविलेत, ते संगणकाच्या जगातील सहकाराविषयी आहे. त्यातील एक छोटे प्रकरण वेबपानांवरील हालचालींचे आहे. म्हणजे एखादे संकेतस्थळ उघडताच शीर्षक खालून वर सरकते, चित्र हळूहळू उमटते, मजकुराची अक्षरे एकामागून एक येऊन जागेवर बसतात, त्या हालचाली. त्या घडवून आणणारा कोड जगातील काही माणसांनी लिहून सर्वांना खुला करून दिला आहे. अशा तयार कोडच्या संचाला संगणकवाले ‘लायब्ररी’ म्हणतात. अनुवादात मी प्रथम ‘ग्रंथालय’ असा शब्द योजला होता, परंतु ग्रंथालयातून पुस्तक घरी नेले की ते परत करावे लागते आणि तेवढ्या काळापुरते कपाट रिकामे राहते. येथे कितीही जणांनी नेले तरी कपाट भरलेलेच. शेवटी मी ‘लायब्ररी’ हाच शब्द कायम ठेवला.

हा विषय होसकोट्यात मांडताना मला परकेपणा वाटत नाही. होसकोटे म्हणजे नवा कोट. सतराव्या शतकात बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे यांच्याबरोबर हा मुलूखही शहाजीराजांच्या जहागिरीत होता. पुढे 1768 च्या ऑगस्टमध्ये गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदर अलीने रात्रीचा छापा घातला, तो याच गावाजवळ. आज येथून व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलेल्या तरुणांपैकी पुष्कळांचा दिवस कोड लिहिण्यात जातो. मुलुखाचे काम बदलले, मराठी माणसाचे येणेजाणे मात्र चालू राहिले आहे.

आता तो प्रसंग सांगते. एका शैक्षणिक संस्थेच्या संकेतस्थळाचा मजकूर मी मराठीत करून दिला होता. पहिल्याच पानावर ‘विद्यार्थी’ असे मोठ्या अक्षरांत शीर्षक होते. इंग्रजी पानावर त्या जागी असलेला शब्द मोठ्या डौलाने एकेक अक्षर करीत अवतरत असे. मराठी पान उघडले, तेव्हा आधी एकटा ‘व’ आला. त्याच्यामागून वेलांटी आली, पण तिला बसायला व्यंजन न मिळाल्याने एका ठिपक्यांच्या वर्तुळावर टेकून ती उभी राहिली. मग ‘द’, त्यानंतर निराधार हलन्त, मग ‘य’, मग पुन्हा वर्तुळासह काना. रफाराचा तर पत्ताच नव्हता. सर्व तुकडे आपापल्या जागी पोचले तरी शब्द काही जुळला नाही. संस्थेकडून मला विचारणा झाली, की भाषांतर तपासून पाठविले होते ना? माझ्या वीसएक वर्षांच्या कामात शुद्धलेखनाची चूक दाखविणारे पुष्कळ भेटले, परंतु जी चूक मी केलीच नव्हती तिचा खुलासा करण्याची ती पहिलीच वेळ.

माझ्या दिरांचा मुलगा याच क्षेत्रात काम करतो. त्याने पान पाहिले, कळफलकावर काही दाबून त्या पानाच्या पाठीमागचा कोड उघडला आणि म्हणाला, “काकू, यात तुमचा दोष नाही. शब्द तोडणाराने चुकीच्या ठिकाणी तोडला आहे.” आणि त्याने मला ती ओळ दाखविली. एका परदेशी माणसाने लिहिलेली, जगभर वापरली जाणारी ती ओळ माझ्यासमोर उघडी होती, याचे मला त्या दिवशी चुकीपेक्षाही अधिक नवल वाटले.

त्या ओळीकडे वळण्यापूर्वी पडद्यावर काहीही हलते ते कसे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. 1912 साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाण्याचे रोप लावून त्याचे ठराविक काळाने एकेक चित्र घेतले आणि बीजातून वेल कसा वाढतो, हे काही क्षणांत पडद्यावर दाखविले. प्रत्येक चित्र स्थिर होते, वाढ पाहणाराच्या डोळ्यात घडत होती. वेबपानावरही याहून वेगळे काही होत नाही. पडदा सामान्यतः सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगविला जातो, म्हणजे दोन चित्रांमध्ये सुमारे सतरा मिलिसेकंदांचा अवकाश. तेवढ्या वेळात पुढची जागा मोजून वस्तू तेथे मांडायची. हे गणित प्रत्येकाने स्वतः करायचे म्हटले तर जिकिरीचे होते, कारण निरनिराळे ब्राउझर निरनिराळ्या रीतीने वागत. ते ओझे कमी करण्यासाठी लायब्ऱ्या निघाल्या. 2005 मध्ये थॉमस फुक्स यांची स्क्रिप्टॅक्युलस आली. 2006 च्या जानेवारीत जॉन रेसिग या तरुणाने जेक्वेरी जाहीर केली. तिच्यामुळे एका ओळीत चित्र सरकविता येऊ लागले, आणि आजही जगातील निम्म्याहून अधिक संकेतस्थळांच्या पोटात ती कोठे ना कोठे आढळते. 2010 मध्ये रिकार्दो काबेल्यो यांनी त्रिमितीय दृश्यांसाठी थ्री.जेएस खुली केली, 2016 मध्ये ज्युलियन गार्नियर यांनी ॲनिमे.जेएस. बहुतेकांची सुरुवात एकट्या माणसाने, आपल्याच कामाची सोय म्हणून केलेली होती.

यातील एक गोष्ट मला विशेष आवडली. झोपाळा पाहा. तो दोन्ही टोकांना मंदावतो आणि मध्ये वेग घेतो. बैलगाडी जागची हलताना आधी कुरकुरते, मग चालू लागते. जगात एका वेगाने सुरू होऊन त्याच वेगाने थांबणारी वस्तू क्वचितच. डिस्नेच्या चित्रकारांनी हे फार पूर्वी ओळखले होते आणि त्यांच्यापैकी फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन यांनी 1981 च्या आपल्या ग्रंथात ते नियमाच्या रूपाने मांडले. पुढे रॉबर्ट पेनर यांनी या मंदगतीची, उसळीची आणि हिंदोळ्याची समीकरणे लिहून काढली व 2001 च्या सुमारास ती सर्वांना वापरू दिली. ती काही मोजकी समीकरणे या लायब्रीतून त्या लायब्रीत, या भाषेतून त्या भाषेत उतरत गेली. आपल्या भ्रमणध्वनीवर एखादी यादी बोटाने ढकलली असता ती हळुवार थांबते, तेव्हा त्या घराण्यातील एखादे सूत्र काम करीत असण्याचा संभव पुष्कळ आहे. अनुवादकाच्या दृष्टीने ही गोष्ट हेवा वाटावी अशीच. आम्हाला एका लेखाच्या अनुवादाची परवानगी मिळविण्यासाठी कधी वर्षभर पत्रव्यवहार करावा लागतो. येथे मूळ लेखकाने मागणी येण्यापूर्वीच परवानगी लिहून ठेवलेली असते. एम.आय.टी. या नावाने ओळखला जाणारा परवाना तर जेमतेम पावणेदोनशे शब्दांचा आहे. वापरा, बदला, विका, पण मूळ कर्त्याची नोंद पुसू नका, आणि काही बिघडले तर आमच्याकडे भरपाई मागू नका, एवढाच त्याचा आशय.

फुकट आणि मुक्त हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, ते मात्र बरोबर नव्हे. जीसॅप ही या क्षेत्रातील नामांकित लायब्ररी 2025 पासून सर्वांना विनामूल्य झाली आहे. तिचा कोड वाचताही येतो. तरीही तिचा परवाना तिच्या मालकांचा स्वतःचा आहे आणि त्यात काही वापरांना मज्जाव आहे, म्हणून तिला मुक्त स्रोत म्हणता येत नाही. याउलट फ्लॅशची गोष्ट. एके काळी वेबवरील बहुतेक सारी हालचाल फ्लॅशमध्ये होत असे. पडद्यावर ती चालविणारे यंत्र एका कंपनीच्या हाती होते. कंपनीने 31 डिसेंबर 2020 रोजी त्याचा आधार काढून घेतला आणि त्यात केलेली चित्रे, खेळ, मुलांचे पाठ एका रात्रीत निश्चल झाले. पुढे काही स्वयंसेवकांनी रफल नावाचे मुक्त साधन लिहून त्यांतील पुष्कळसे पुन्हा हलते केले. ग्रंथपालांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे, असे मला वाटते.

आता मूळ ओळीकडे येऊ. शीर्षकातील अक्षरे सुटी करण्याची पद्धत 2010 मध्ये डेव्ह रुपर्ट यांच्या लेटरिंग.जेएस या लायब्रीने लोकप्रिय केली. शब्दाचे तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकडा स्वतंत्र डबीत ठेवावयाचा, म्हणजे प्रत्येकाला निराळी जागा, निराळा रंग, निराळी गती देता येते. रोमन लिपीत हे बिनचूक चालते, कारण तेथे एक संकेतांक म्हणजे एक अक्षर. तेथील अक्षरे शेजारी शेजारी राहतात, एकमेकांच्या घरात शिरत नाहीत. आपली अक्षरे एकत्र कुटुंबातील आहेत. ‘विद्यार्थी’ हा शब्द संगणक दहा संकेतांकांत साठवितो : व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दुसरी वेलांटी. डोळ्यांना मात्र तीनच अक्षरे दिसतात : वि, द्या, र्थी. तोडणाऱ्या ओळीने दहा डब्या केल्या होत्या.

संगणकाने अशी दहा खंडांची साठवण का करावी, असे कोणी विचारील. तिच्या मुळाशी आपलाच विचार आहे. भारतीय लिप्यांसाठी 1988 मध्ये इस्की नावाचे प्रमाणक तयार झाले. त्यात लिपीचे दृश्य रूप बाजूला ठेवून उच्चाराचा क्रम धरला होता. म्हणूनच पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी लिहिली तरी संगणकात ती नंतर येते. 1991 च्या युनिकोडने देवनागरीची मांडणी त्यावरूनच घेतली. अकारविल्हे लावण्याला, शोध घेण्याला ही रचना अतिशय सोयीची आहे आणि तिच्यावाचून मराठीचा संगणकीय कोश करणे दुरापास्त झाले असते. जुळणी आणि दर्शन यांची जबाबदारी तिने टंकावर, म्हणजे फाँटवर टाकली. विंडोजमधील मंगल हा फाँट ज्यांनी घडविला, त्या र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरकारांनी ती पेलली. सुटे वर्ण एकत्र आले की त्यांतून जोडाक्षर उभे करण्याचे ज्ञान फाँटच्या पोटात असते. परंतु वर्ण वेगवेगळ्या डब्यांत बंद केले, की फाँट बिचारा काय करणार? त्याला शेजारी दिसतच नाही.

मग ‘अक्षर’ म्हणजे काय, हे संगणकाला सांगायचे कोणी? युनिकोडने त्यासाठी नियम केले आहेत. गंमत अशी, की त्यांच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे पुष्कळ वर्षे ‘विद्यार्थी’चे पाच तुकडे होत : वि, द्, या, र्, थी. हलन्त मागील व्यंजनाला चिकटे, पण पुढच्याला धरून ठेवीत नसे. 2023 च्या सप्टेंबरमध्ये युनिकोडची 15.1 ही आवृत्ती निघाली. तिने देवनागरी, बंगाली, गुजराती आदी लिप्यांतील जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम मूळ प्रमाणकात घातला, तेव्हा कोठे उत्तर तीन झाले. दहा, पाच आणि तीन. ज्ञानेश्वरीच्या काळापासून जे अक्षर लहान मुले न चुकता मोजत आली, ते प्रमाणकाच्या मुख्य नियमात येण्यास एकविसाव्या शतकाचे तेविसावे वर्ष उजाडावे लागले. यात कोणाचे वैर नव्हते. नियम लिहिणाऱ्यांसमोर आपली अक्षरे पुरेशा आग्रहाने कोणी ठेवली नव्हती, असे मी समजते.

ब्राउझरमध्ये आता ‘सेगमेंटर’ नावाचे साधन आहे. ते शब्दाला वाचकाच्या अक्षरांप्रमाणे विभागते. क्रोममध्ये ते 2020 मध्ये आले, सफारीत 2021 मध्ये आणि 2024 च्या एप्रिलमध्ये फायरफॉक्सनेही ते स्वीकारले. आमच्या पुतण्याने जुन्या ओळीच्या जागी या साधनाला बोलाविणारी ओळ लिहिली. बदल इतका लहान, की छापील पुस्तकात त्याला मुद्रणदोषाची दुरुस्ती म्हटले असते. त्याने तो लायब्रीच्या कर्त्याकडे सुचवून पाठविला. चार दिवसांनी उत्तर आले. कर्त्याने अगत्याने आभार मानले होते आणि पुढे लिहिले होते, की मला ही लिपी वाचता येत नाही, तेव्हा माझा बदल बरोबर ठरला की नाही हे तपासण्यासाठी कृपया काही शब्द द्या, आणि प्रत्येकात अक्षरे किती तेही सांगा.

पुतण्याने पत्र माझ्यापुढे ठेवले. “काकू, आता तुमचे काम,” तो म्हणाला. एम.ए.ला भाषाविज्ञानाचा पेपर घेतला होता, त्याचा उपयोग इतक्या वर्षांनी असा होईल, असे वाटले नव्हते. एक संध्याकाळ मी शब्द निवडण्यात घालविली. ‘वऱ्हाड’ घेतला, कारण त्यातील र मराठीचा खास आहे. ‘दुसऱ्या’ त्याच कारणासाठी. ‘स्त्री’, कारण तीन व्यंजने एका अक्षरात. ‘किंकर्तव्यमूढ’, कारण वेलांटी, अनुस्वार आणि रफार तिन्ही एका शब्दात सापडतात. ‘दुःख’, विसर्गासाठी. ‘ज्ञानेश्वर’, कारण ‘ज्ञ’ हे डोळ्यांना एक स्वतंत्र अक्षर वाटते आणि संगणकाला ते ज आणि ञ यांची जोडी आहे. पुतण्याच्या एका मित्राने कन्नड शब्दांची भर घातली, कारण कन्नडात जोडाक्षराचा दुसरा वर्ण पहिल्याच्या खाली लटकतो आणि त्याला ते ओत्तक्षर म्हणतात. देवनागरीचा नियम तेथे जसाच्या तसा लागू करून भागत नाही, ते त्याने सविस्तर लिहिले. ही यादी आता त्या कोडबरोबरच राहते, आणि कोणीही त्यात बदल केला की प्रत्येक शब्द यंत्राकडून पुन्हा मोजून घेतला जातो.

येथे एक गोष्ट राहून गेली, ती सांगणे आवश्यक आहे. शीर्षक डोळ्यांना मोडलेले दिसले म्हणून आम्ही धावलो. परंतु अंध वाचक वेबपान कानांनी वाचतात. पडद्यावरील मजकूर मोठ्याने म्हणून दाखविणारे एन.व्ही.डी.ए. हे साधनही मुक्त स्रोतच आहे आणि त्याच्याबरोबरचा उच्चारक मराठीही बोलतो. त्याच्यापुढे तुकडे केलेला शब्द ठेवला, तर तो शब्द न म्हणता तुकडे म्हणण्याचा धोका असतो. अक्षरे तीन झाली तरी ‘वि’ ‘द्या’ ‘र्थी’ असेच ऐकू येण्याचे भय उरते. उपाय सोपा आहे. अखंड शब्द वेगळ्या खुणेने सोबत लिहून ठेवावयाचा आणि तुकडे वाचकसाधनापासून लपवावयाचे. चांगल्या लायब्ऱ्या आता हे आपण होऊन करतात, पण संकेतस्थळ बनविणाराने ते तपासले पाहिजे. तसेच ज्यांना हालचालीने घेरी येते, अशा व्यक्ती आपल्या यंत्रावर ‘हालचाल कमी करा’ अशी इच्छा नोंदवू शकतात. पानाने ती विचारात घ्यावी, हा साधा शिष्टाचार. सगळेच हलले पाहिजे असा काही नियम नाही. किंबहुना वाचायला आलेल्या माणसाला शीर्षकासाठी तिष्ठत ठेवणे मला तरी आवडत नाही.

अक्षरे बरोबर तोडूनही आमचे समाधान झाले नाही, त्याचे कारण शिरोरेखा. सुधारलेले पान पाहताना वि, द्या, र्थी अशी तिन्ही अक्षरे शुद्ध स्वरूपात आली, परंतु प्रत्येकजण आपल्या डोक्यावरच्या रेघेचा तुकडा घेऊन. वाटेत रेघेला फटी पडत, शेवटी त्या मिटत. रोमन लिपीच्या कारागिराला हा प्रश्नच पडणार नाही. देवनागरीत शब्द एका दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा आहे, दांडीचे तुकडे करून कसे चालेल? यावर माझे मत असे झाले, की आपल्या लिपीत साधारणतः अक्षरांऐवजी शब्द हलवावेत. तोडायचेच असेल तर शब्दाशब्दांमधील मोकळी जागा आहेच. संस्थेला मी तसेच कळविले आणि त्यांनीही ते मान्य केले. आता ‘विद्यार्थी’ हा शब्द सबंधच्या सबंध खालून वर येतो आणि झोपाळ्यासारखा मंदावत स्थिर होतो.

पुतण्याला मात्र हे पुरेसे वाटले नाही. मी सहज बोलून गेले होते, की शाळेत आम्ही आधी सगळी अक्षरे लिहीत असू आणि शब्द पुरा झाला की वर रेघ ओढत असू. दुसऱ्या आठवड्यात तो घरी आला, तेव्हा त्याने चार अक्षरे शिरोरेखेविना स्वतः रेखाटली होती, कारण तयार फाँटमध्ये रेघ अक्षराशी जन्मतःच जोडलेली असते. रेषा ओढल्यासारखी दाखविणाऱ्या एका मुक्त लायब्रीचा उपयोग करून त्याने ती हलती केली होती. त्याच्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हो आला, स आला, को आला, टे आला. चारही अक्षरे क्षणभर उघड्या डोक्याने उभी राहिली, आणि मग डावीकडून उजवीकडे एक रेघ निघाली व त्यांच्यावरून सावकाश ओढली गेली. तो कोड त्यानेही खुला ठेवला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी चहाच्या वेळी त्याला गाठावे, तो मागच्या ओळीत बसला आहे.